घरचा रोलर, डॉक्टरांकडचं मायक्रोनीडलिंग की नुसतं मिनॉक्सिडिल?

माझं मत आधीच सांगतो. आनुवंशिक टक्कल नुकतं सुरू झालं असेल, तर पहिले चार ते सहा महिने नुसतं मिनॉक्सिडिल, म्हणजे टाळूवर लावायचं केस वाढवणारं औषध, नेमानं लावावं. तेवढ्यानं भागलं नाही तर सुयांचा, म्हणजे टाळूवर बारीक सुया टोचायच्या मायक्रोनीडलिंगचा, विचार करावा आणि सुया शक्यतो त्वचारोगतज्ज्ञांकडूनच टोचून घ्याव्यात. घरीच करायचं असा हट्ट असेल, तर निदान रोलर, म्हणजे बारीक सुया लावलेलं फिरतं चाक, तरी घेऊ नये. फोंड्यात औषधांच्या काउंटरमागे बसून हे मी रोज कुणाला ना कुणाला सांगतो. पण दोन गिऱ्हाइकांच्या मधल्या वेळात कारणं नीट सांगून होत नाहीत, म्हणून इथे सविस्तर लिहितो.

सगळ्यात आधी केस कशामुळे जातायत ते कळायला हवं. दिवसाला पन्नास ते शंभर केस गळणं हे नेहमीचंच आहे. डेंग्यू, टायफॉइड, मोठं ऑपरेशन किंवा बाळंतपण झालं की दोन-तीन महिन्यांनी केसांचे झुपके हातात येऊ लागतात. गोव्यात डेंग्यूचा हंगाम संपला की असे लोक हमखास येतात आणि घाबरलेले असतात. या गळतीला सुया लागत नाहीत. अंगात रक्त भरलं, जेवणखाण सुधारलं की बहुतेकांचे केस काही महिन्यांत परत येतात. बायकांमध्ये लोह कमी असणं आणि थायरॉइड ही दोन कारणं आधी रक्त तपासून बाजूला काढावी लागतात. रुपयाएवढा गोल चट्टा गुळगुळीत झाला असेल तर ती चाई, तिचं औषध वेगळं. टाळूवर गजकर्ण असेल आणि त्यावर कुणी रोलर फिरवला, तर बुरशी डोकंभर पसरते. मायक्रोनीडलिंगचा खरा अभ्यास झालाय तो आनुवंशिक टकलावर, म्हणजे पुरुषांचं कपाळ मागे सरकतं, माथा विरळ होतो आणि बायकांचा भांग रुंद होत जातो, त्या प्रकारावर. निदानासाठी बांबोळीच्या गोमेकॉत, म्हणजे गोवा मेडिकल कॉलेजात, त्वचा विभागाची ओपीडी आहे. डॉक्टर भिंगाखाली टाळू पाहून बारीक झालेले केस ओळखतात. घरच्या आरशात ते दिसत नाहीत.

आता पुरावा. या विषयातला सगळ्यात जास्त सांगितला जाणारा अभ्यास आपल्या शेजारचा, मुंबईच्या सायन इस्पितळातला आहे. डॉ. रचिता धुरत आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तो २०१३ साली प्रसिद्ध केला. शंभर पुरुष घेतले. निम्म्यांना ५ टक्के मिनॉक्सिडिल दिवसातून दोनदा दिलं, उरलेल्यांना तेच मिनॉक्सिडिल आणि आठवड्यातून एकदा दीड मिलिमीटरचा रोलर. बारा आठवड्यांनी ठरावीक जागेतले केस मोजले. नुसत्या मिनॉक्सिडिलवाल्यांचे सरासरी २२ केस वाढले होते आणि रोलरवाल्यांचे ९१. ज्यांना स्वतःला पन्नास टक्क्यांहून जास्त फरक वाटला, असे रोलरच्या गटात ८२ टक्के होते, दुसऱ्या गटात ४.५ टक्के.

हे आकडे वाचून कुणालाही रोलर मागवावासा वाटेल, आणि लोक मागवतातही. पण त्या अभ्यासातल्या तीन गोष्टी मागे पडतात. एक म्हणजे, तिथे रोलर डॉक्टरांच्या हातात होता, पेशंटच्या नाही. दुसरं, टाळू किंचित लालसर झाली की थांबायचं असं ठरलेलं होतं. रक्त काढणं हा उद्देशच नव्हता. घरी करणारे बरेच जण उलट समजतात, रक्ताचे ठिपके दिसल्याशिवाय आपण काही केलं असं त्यांना वाटतच नाही. तिसरं, दोन्ही गट मिनॉक्सिडिल लावत होते. मिनॉक्सिडिल सोडून नुसत्या सुयांवर केस आणण्याचा पुरावा त्या मानानं बराच कच्चा आहे. ‘औषध नको, साइड इफेक्ट होतात, त्यापेक्षा रोलर बरा’ असं म्हणणाऱ्याला मी म्हणून तिथेच थांबवतो.

सुईच्या लांबीचा वाद तर वेगळाच. पुढे इराणमध्ये सुई किती खोल टोचायची याच्या दोन मापांची तुलना झाली, ०.६ आणि १.२ मिलिमीटर, दोन्हींसोबत मिनॉक्सिडिल. सरस ठरली ती ०.६. म्हणजे जास्त खोल गेलं की जास्त केस येतात, हा हिशेब बरोबर नाही. टाळूला हलकी इजा झाली की शरीर ती भरायला लागतं, तिथे वाढीला चालना देणारी द्रव्यं सोडली जातात आणि केसाच्या मुळाशी झोपलेल्या पेशी जाग्या होतात, असं यामागचं गणित आहे. शिवाय टाळूवर बारीक वाटा उघडल्यानं औषधही जास्त आत जातं. त्यासाठी माफक इजा पुरते. जास्त खोल टोचलं की सूज, वण आणि कधी कधी त्या सुजेपायीच आणखी गळती, हे धोके वाढतात. ०.२५ मिलिमीटरच्या सुया औषध आत जायला थोडीफार मदत करतात, त्यापलीकडे त्यांच्याकडून फार अपेक्षा ठेवू नये.

रोलर, स्टॅम्प आणि पेन यांतला फरक मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. रोलर चाकासारखा फिरतो, त्यामुळे सुई तिरकी आत शिरते आणि बाहेर पडताना कातडी उचकटत निघते. शिवाय विरळ टाळूवरही केस असतातच, ते सुयांत गुंततात आणि ओढले जातात. स्टॅम्प म्हणजे सुया लावलेला शिक्का, तो सरळ दाबून सरळ उचलायचा, जागा बदलायची. वेळ जास्त लागतो, पण भोकं सुबक पडतात. डॉक्टरांकडे असतं ते विजेवर चालणारं पेन. त्याची सुई सरळ खालीवर होते, कपाळाच्या कडेला किती खोल आणि माथ्यावर किती, हे त्यांना बदलता येतं, आणि पुढचं सुयांचं काडतूस प्रत्येक पेशंटसाठी नवं असतं. असायलाच हवं.

एकदा सत्तरी तालुक्यातून येणारा एक मुलगा, कारखान्यात नोकरी करणारा, आपला रोलर घेऊन काउंटरवर आला. “काका, याच्यासाठी स्पिरिट कुठलं वापरू?”

मी त्याला विचारलं, “किती दिवस वापरतोयस?”

“बरेच महिने झाले. दर रविवारी. धुतो की व्यवस्थित.”

औषधाच्या पट्टीवरची बारीक छपाई वाचायला आम्ही भिंग ठेवतो, तेच रोलरवर धरलं. पहिल्या दोन चकत्यांवरच्या सुया बऱ्या होत्या. तिसऱ्या चकतीवर काही टोकं गळासारखी वळली होती, आणि चकत्यांच्या सांध्यात तपकिरी, वाळलेलं काहीतरी चिकटून बसलं होतं, त्यात केसाचा एक तुकडा. भिंग मी त्याच्याकडे दिलं. तो बराच वेळ बघत राहिला, मग डोकं खाली वाकवून मला टाळू दाखवली. माथ्यावर केसतोड उठले होते, दोन पिकलेले. त्याला मी स्पिरिट दिलं नाही, त्वचेच्या डॉक्टरांकडे पाठवलं.

स्पिरिटचं खरं सांगायचं तर ७० टक्के अल्कोहोलनं पुष्कळ जंतू मरतात, पण रक्त आणि कातडीचे कण चिकटलेल्या पृष्ठभागाखाली ते पोचत नाही, आणि जंतूंचे बीजाणू त्यानं मरत नाहीत. इस्पितळात दाबाखालच्या वाफेत हत्यारं निर्जंतुक करतात. घरच्या रोलरचं प्लॅस्टिक त्या वाफेत टिकत नाही. म्हणून कागदावर स्वस्त वाटणारा रोलर खऱ्या हिशेबात तसा राहत नाही. काही शे रुपयांत येतो हे खरं, पण तो काही वेळा वापरून टाकून द्यायचा असतो, महिनोन् महिने फिरवायचा नसतो.

आणि इथे आपली हवा आडवी येते. जून ते सप्टेंबर गोव्याच्या घरात टॉवेल दोन दिवस वाळत नाही, चामड्याच्या चपलेवर बुरशी चढते. न्हाणीतल्या कपाटात प्लॅस्टिकच्या डबीत बंद करून ठेवलेला ओला रोलर त्या हवेत कसा राहत असेल, ते सांगायला नको. विहिरीचं पाणी वापरणाऱ्यांनी उपकरण आणि टाळू त्या पाण्यानं धुऊन लगेच टोचू नये. हेल्मेटनं टक्कल पडत नाही, पण घामट हेल्मेट ताज्या टोचलेल्या डोक्यावर चढवलं की केसतोड होणारच. म्हणून घरी करणारानं रात्री करावं, दुसऱ्या दिवशी स्कूटर टाळता आली तर टाळावी, उशीची खोळ धुतलेली असावी. पावसाचे चार महिने घरी सुया टोचणं बंदच ठेवावं आणि मिनॉक्सिडिल चालू ठेवावं, असं माझं स्पष्ट मत आहे.

घरच्या मोठ्या माणसांचंही एक असतं. टाळू लाल दिसली की आजी जास्वंद आणि माका घालून उकळलेलं खोबरेल घेऊन बसते. माया खरी आहे, आणि एरवी केसांना तेल लावायला काहीच हरकत नाही. पण उघड्या भोकांवर तेल, कोरफड, कांद्याचा रस यातलं काहीही लावू नये. चोवीस तास तरी टाळू मोकळी ठेवावी.

मिनॉक्सिडिलही त्याच दिवशी नको. सायनच्या अभ्यासातही ते टोचल्याच्या दिवशी बंद ठेवून चोवीस तासांनी पुन्हा सुरू करत. या औषधाचा जन्म रक्तदाबाची गोळी म्हणून झाला. केस वाढतात हे नंतर लक्षात आलं आणि १९८८ मध्ये अमेरिकेत ते टाळूवर लावायला मान्यता मिळाली. टोचलेल्या टाळूतून ते जास्त प्रमाणात रक्तात गेलं, तर छाती धडधडते, चक्कर येते, पाय सुजतात. रक्तदाबाची औषधं चालू असणाऱ्यानं किंवा हृदयाचा त्रास असणाऱ्यानं स्वतःच्या मनानं हा जोड लावू नये. गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बाईनं मिनॉक्सिडिल लावूच नये. घरात मांजर असेल तर आणखी एक खबरदारी: मिनॉक्सिडिल मांजरांना जीवघेणं ठरतं. लावलेलं डोकं, बाटली, उशी, सगळं त्यांच्यापासून लांब ठेवा.

सुया कुणी अजिबात टाळाव्यात? रक्त पातळ करणारी गोळी घेणाऱ्यांनी, ज्यांच्या जखमेवर जाड वण उठतो त्यांनी, साखर आटोक्यात नसलेल्यांनी, टाळूवर सोरायसिस, पुरळ किंवा संसर्ग असलेल्यांनी. सोरायसिसमध्ये टोचलेल्या जागी नवे चट्टे उठू शकतात. आणि रोलर भावाभावांत, नवराबायकोत कधीही वाटून घेऊ नका. कावीळ ब, कावीळ क आणि एचआयव्ही यांना एवढी वाट पुरते.

खर्चाचं गणित असं. मिनॉक्सिडिल एका वेळी एक मिलिलिटर, दिवसातून दोनदा, म्हणजे साठ मिलिलिटरची बाटली महिनाभर. ते तिन्ही वाटांवर लागतंच. घरच्या वाटेवर त्यात स्टॅम्प आणि तो वरचेवर बदलण्याचा खर्च मिळवा. खासगी दवाखान्यात एका बैठकीचे पैसे हजारांत जातात, आणि बैठका बऱ्याच लागतात. सगळ्यांना ते झेपणार नाही हे मला कळतं. त्यांनी आधी सरकारी ओपीडीत निदान करून घ्यावं आणि मिनॉक्सिडिल नीट लावावं. पुरुषांना फिनास्टेराइडची गोळी लागते का, तेही डॉक्टरांनाच विचारावं. पैसे कमी असतील तर माझ्या मते ते रोलरपेक्षा या गोष्टींत जास्त चांगले कामी येतात.

आणि ब्युटी पार्लर? तिथे केसांसाठी सुया टोचून घेऊ नका. स्वस्त पडतं, आपुलकीनं करतात, पण काही बिघडलं तर औषध द्यायला तिथे कुणी नसतं.

एवढं वाचूनही घरीच करायचं ठरवलं असेल, तर ०.५ ते ०.६ मिलिमीटरचा स्टॅम्प घ्या आणि दोन आठवड्यांतून एकदा वापरा, त्याहून लवकर नको. हात साबणानं धुवा, टाळू शाम्पूनं धुऊन पूर्ण वाळू द्या, मग टाळू निर्जंतुक करून घ्या. हलका दाब द्या, गुलाबी झाली की थांबा. लाली एक-दोन दिवसांत गेली पाहिजे. तिसऱ्या दिवशीही दुखत असेल, पू दिसला, ताप आला किंवा मानेत गाठ लागली, तर डॉक्टर गाठा आणि त्यांच्यापासून स्टॅम्पची गोष्ट लपवू नका.

डॉक्टरांकडे करणार असाल तर बैठकीआधी तीन प्रश्न विचारा: सुई कोण टोचणार, काडतूस माझ्यासमोर फोडणार का, आणि माझ्या गळतीचं निदान काय. शेवटच्या प्रश्नाला उत्तर न देता कुणी थेट पॅकेजचा दर सांगू लागलं, तर उठून या. सोबत पीआरपी (आपल्याच रक्तातला भाग वेगळा काढून टाळूत टोचणं) घ्या, अमुक सीरम घ्या, असा आग्रह झाला तर घरी विचार करायला वेळ मागा. केस एका आठवड्यानं कुठे पळून जात नाहीत.

मिनॉक्सिडिल सुरू केल्यावर पहिले काही आठवडे गळती वाढल्यासारखी वाटते. जुने केस पडून नवे यायची ती सुरुवात असते, आणि नेमके तिथेच बरेच जण बाटली सोडून रोलर विकत घेतात. केस महिन्याला साधारण एक सेंटिमीटर वाढतो, त्यामुळे चार महिन्यांच्या आत कुठल्याच वाटेचा निकाल लावता येत नाही. महिन्यातून एकदा, त्याच खिडकीपाशी, त्याच वेळी, कोरड्या केसांचा माथ्यावरून फोटो काढून ठेवा. सहा महिन्यांनी पहिला आणि शेवटचा फोटो शेजारी ठेवून डॉक्टरांना दाखवा, मग सुया लागतात की नाही ते त्यांच्याशी बोलून ठरवा.