ॲप्ट: खरा कस काढून टाकताना लागतो

डेबियन, उबंटू किंवा मिंट या लिनक्स प्रणाली वापरणाऱ्याची ॲप्टशी, म्हणजे प्रोग्राम बसवण्याच्या आणि काढण्याच्या साधनाशी, रोजची गाठ असते. ॲप्ट-गेट आणि ॲप्ट-कॅश या जुन्या कमांडांतली नेहमीची कामे एकत्र करून 2014 मध्ये 'ॲप्ट' ही कमांड आली. टर्मिनलवर हाताने काम करताना तीच वापरावी. स्क्रिप्टमध्ये (आपोआप चालणाऱ्या कमांडांच्या फाइलमध्ये) मात्र ॲप्ट-गेटच लिहावे, कारण ॲप्टचे आउटपुट आवृत्तीगणिक बदलू शकते आणि तसा इशारा ती स्वतःच देते.

बसवण्याच्या कामात नाव ठेवायला फारशी जागा नाही. आधी 'सुडो ॲप्ट अपडेट', मग 'सुडो ॲप्ट इन्स्टॉल' आणि पॅकेजचे (बसवायच्या प्रोग्रामच्या गठ्ठ्याचे) नाव. 'सुडो' म्हणजे ॲडमिनच्या अधिकाराने चालवणे. अपडेटने काही बसत नाही, फक्त उपलब्ध पॅकेजांची यादी ताजी होते. ते टाळले तर जुन्या यादीतली फाइल सर्व्हरवरून गेलेली असते आणि 404 चा एरर येतो. डाउनलोड केलेली डेब फाइल (एका पॅकेजची फाइल) बसवायची असेल तर तिच्या नावाआधी ./ लावावे, नाहीतर ॲप्ट ते रिपॉझिटरीतल्या, म्हणजे सर्व्हरवरच्या साठ्यातल्या, पॅकेजचे नाव समजते. 'डीपीकेजी -आय' पेक्षा हा मार्ग बरा: डीपीकेजी हे ॲप्टच्या खालचे मूळ साधन लागणारी इतर पॅकेजे आणून देत नाही, त्यामुळे काम अर्धवट अडकते.

काढताना मात्र कमांड नीट ओळखून वापराव्या लागतात. 'रिमूव्ह'ने प्रोग्राम जातो, पण /इटीसी मधल्या सेटिंगच्या फाइल राहतात. 'पर्ज' त्याही काढते. होम डिरेक्टरीतल्या तुमच्या फाइलींना दोन्ही हात लावत नाहीत, आणि हे योग्यच आहे. 'डीपीकेजी -एल'च्या यादीत ओळीच्या सुरुवातीला 'आरसी' दिसले, तर पॅकेज गेले आहे पण सेटिंग मागे उरले आहे.

सगळ्यात जास्त घोळ 'ऑटोरिमूव्ह'मुळे होतो; आपोआप आलेली आणि आता कुणाला न लागणारी पॅकेजे ते काढते. समजा देवनागरी फॉन्टसाठी 'फॉन्ट्स-देवा' बसवले. हे मेटापॅकेज आहे. त्याच्या पोटात फॉन्ट नाहीत, ते लोहित आणि इतर फॉन्टची पॅकेजे ओढून आणते. त्या सगळ्यांवर 'आपोआप आलेले' अशी खूण असते. पुढे फक्त मेटापॅकेज काढून ऑटोरिमूव्ह चालवले आणि दुसऱ्या कुणाला ते फॉन्ट लागत नसतील, तर तेही सोबत जातात. लोहित ठेवायचा असेल तर आधी 'सुडो ॲप्ट-मार्क मॅन्युअल फॉन्ट्स-लोहित-देवा' असे सांगावे, म्हणजे ते हाताने बसवलेले धरले जाते. डेस्कटॉपच्या काही मेटापॅकेजचेही असे होऊ शकते, फक्त नुकसान कितीतरी मोठे. तरीही ऑटोरिमूव्ह वापरावेच. बूटचे पार्टिशन लहान असेल तर जुने कर्नल (प्रणालीचा गाभा) साठून ते भरते, आणि मग नवा कर्नल बसतच नाही.

म्हणून ॲप्टने विचारल्यावर डोळे झाकून होकाराचा 'वाय' दाबू नये. शंका असेल तर कमांडला '-एस' जोडावे: काही न बदलता काय येणार, काय जाणार एवढेच दिसते. 2025 मध्ये आलेल्या 3.0 आवृत्तीत काढली जाणारी पॅकेजे वेगळ्या गटात आणि रंगीत टर्मिनलवर लाल अक्षरांत दिसतात. इतकी वर्षे ही नावे दाट मजकुरात हरवत होती, त्यामुळे ही सुधारणा फार मोलाची वाटते. काल काय काढले ते आठवत नसेल, तर /व्हार/लॉग/ॲप्ट/हिस्टरी.लॉग मध्ये तारीख, वेळ आणि दिलेली कमांड सापडते.

लॉक (एका वेळी एकाच प्रक्रियेला काम करू देणारे कुलूप) मिळत नसल्याचा एरर आला, तर बहुतेक वेळा मागे आपोआप अपडेट चालू असते. थांबावे. लॉकची फाइल पुसणे हा नेटवर सर्रास दिला जाणारा सल्ला घातक आहे: दोन प्रक्रिया एकाच वेळी पॅकेजच्या नोंदींत लिहू लागल्या तर त्या नोंदीच बिघडतात. मध्येच वीज गेली असेल तर 'सुडो डीपीकेजी --कॉन्फिगर -ए' आणि मग 'सुडो ॲप्ट --फिक्स-ब्रोकन इन्स्टॉल', याच क्रमाने.

उबंटूबद्दल एक तक्रार आहेच. 22.04 पासून तिथे 'ॲप्ट इन्स्टॉल फायरफॉक्स' म्हटले की नेहमीच्या डेबऐवजी स्नॅप, म्हणजे उबंटूचा वेगळ्या प्रकारचा पॅकेज, येतो. त्याचे पुढचे अपडेटही स्नॅपच करते, ॲप्ट नाही. बसवण्याआधी 'ॲप्ट पॉलिसी फायरफॉक्स' चालवून पाहावे; कॅन्डिडेट (बसवली जाणार त्या) आवृत्तीच्या क्रमांकातच 'स्नॅप' लिहिलेले दिसते.