होले बोले खैस: कागद मागून खाणारा कचऱ्याचा डबा

नेदरलँड्सला आलात आणि एफ्टेलिंग या थीम पार्कला जायचं ठरलं, तर निघताना खिशात चार कागद टाका. जुन्या पावत्या, बसची तिकिटं, पुठ्ठ्याचा तुकडा, काहीही चालेल. तिथल्या रोलर कोस्टरबद्दल आणि परीकथांच्या जंगलाबद्दल तुम्हाला भरपूर वाचायला मिळेल. मला लिहायचंय ते तिथल्या कचऱ्याच्या डब्याबद्दल. आम्ही आइंडहोवनजवळ वेल्डहोवनला राहतो, गाडीने गेलं तर पार्क जवळच आहे, त्यामुळे पाहुणे आले की एक फेरी होतेच. आणि परतीच्या वाटेवर गाडीत पोरं सगळ्यात जास्त बोलतात ती या डब्याबद्दल, ही गंमत मी कित्येकदा पाहिली आहे.

डब्याचं नाव होले बोले खैस. डच बालगीतातला हा खादाड माणूस. गाय खातो, वासरू खातो, अर्धा घोडा, बैल, सात पिंपं बिअर, मेंढ्यांनी भरलेलं अख्खं जहाज, आणि एवढं होऊनही भुकेने त्याला झोप लागत नाही. इथल्या प्रत्येक मुलाला हे गाणं येतं. पार्कात ठिकठिकाणी हाच खैस गुबगुबीत गालांनी, भलंमोठं तोंड उघडून बसलेला असतो आणि सारखा ओरडत असतो, ‘पापीर हीर! पापीर हीर!’ म्हणजे ‘कागद इकडे!’

कागद त्याच्या तोंडाशी नेला की आधी बोटांना वारा जाणवतो. मग कागदाचं टोक फडफडतं, क्षणभर ओठांवर थरथरतं, आणि फुर्रकन आत ओढलं जातं. हातातून कागद सुटतो त्या वेळी खरोखर कोणीतरी तो हिसकावून घेतल्यासारखं वाटतं. लगेच आतून ‘डांक यू वेल’, म्हणजे आभार. आणि पुन्हा मागणी सुरू. टाकणं असं काही नाहीच, तुम्ही द्यायचं आणि त्याने घ्यायचं. मोठा चुरगळलेला बोळा दिला तर तो जरा अडखळत जातो. बटाट्याच्या फ्रीटचा, म्हणजे फ्रेंच फ्राइजचा, रिकामा कोन उलगडून सपाट केला तर झक्क जातो. लेकाने हे स्वतः शोधून काढलंय आणि आता तो रांगेतल्या इतर पोरांनाही शिकवतो.

माझ्या सासूबाई सांगलीहून आल्या होत्या तेव्हाची गोष्ट. नातवाचे कागद संपले, पण खैस काही गप्प बसेना. आई म्हणाल्या, ‘अगं, अजून मागतोय की गं तो, दे की काहीतरी.’ माझ्याकडे काही नव्हतं. मग त्यांनी पर्सचा आतला कप्पा उघडला आणि सांगलीच्या औषधाच्या दुकानाची जुनी पावती काढली. घडी मोडली, हाताने सरळ केली आणि उजव्या हाताने त्याच्या तोंडाशी धरली. आभार ऐकू आल्यावर एवढ्या खूश झाल्या की पुढच्या प्रत्येक खैसपाशी थांबून पर्स चाचपत होत्या. भाषेचं अक्षर कळत नसताना सत्तरीच्या बाईला आणि सहा वर्षांच्या पोराला एकच यंत्र एकाच वेळी कळतं, याहून चांगली रचना कुठली असते?

याच्यामागची माणसंही तशीच होती. कात्सहूवेल गावातला हा पार्क. परीकथांचं जंगल 31 मे 1952 रोजी उघडलं. त्याची चित्रं काढली आंतोन पीक यांनी, डच घराघरांत ज्यांची चित्रं दिसतात ते चित्रकार. तांत्रिक बाजू सांभाळली पेटर रेइंडर्स यांनी, जे आमच्याच आइंडहोवनचे, फोटो आणि फिल्मचं काम करणारे खटपटे गृहस्थ. पन्नासच्या दशकाच्या अखेरीस खैस आला, तोही पीक यांच्याच रेखाटनातून. मला हे फार महत्त्वाचं वाटतं. ज्या हाताने राजवाडे आणि परीकथांची घरं रेखाटली, त्याच हाताने कचऱ्याचा डबा रेखाटला. तो कोपऱ्यात उरलेली जागा भरायला आणलेला नाही, तो त्या जगातलाच एक रहिवासी आहे.

आता डिस्नेशी तुलना करायलाच हवी, कारण थीम पार्कच्या कचरापेटीचा विषय निघाला की पहिलं नाव त्यांचं येतं, आणि ते रास्तच आहे. कॅलिफोर्नियात अॅनाहाइमला 17 जुलै 1955 रोजी डिस्नेलँड उघडलं. तोपर्यंत अमेरिकेत जत्रावजा पार्क म्हणजे पायाखाली शेंगांची टरफलं आणि चिकट कागद. वॉल्ट डिस्नेंना तसं नको होतं. पहिल्या वर्षापासून स्वच्छतेचं खातं चक बोयाजियन यांच्याकडे होतं आणि झाडलोटीची शिस्त त्यांनीच बसवली. माणूस हातातलं वेष्टन किती पावलं सांभाळतो हे पाहून डबे ठेवले, अशी गोष्ट सगळीकडे सांगितली जाते. आकडा प्रत्येक सांगणाऱ्याचा वेगळा, पण डबा नजरेच्या टप्प्यात असलाच पाहिजे हा हिशेब तिथे चालताना पटतो. वरून बंद, बाजूला झुलतं झाकण, म्हणजे पाऊस आत जात नाही आणि आतला कचरा डोळ्यांना दिसत नाही. शिवाय प्रत्येक विभागाचा डबा वेगळा: काउबॉयच्या विभागात लाकडाच्या रेघांचा, जंगलात बांबूचा, भविष्याच्या विभागात चकचकीत. त्या रंगकामाला माझा मनापासून सलाम आहे.

फ्लोरिडातलं मॅजिक किंगडम 1 ऑक्टोबर 1971 रोजी सुरू झालं, तिथे तर त्यांनी याच्या पुढची मजल मारली. डब्यांतला कचरा सफाई कर्मचारी मागच्या बाजूच्या ठिकाणी नेऊन टाकतात, आणि तिथून तो नळांमधून हवेने ओढला जातो, ताशी जवळजवळ शंभर किलोमीटरच्या वेगाने, थेट पार्कच्या मागच्या केंद्रापर्यंत. नळ जातात पायाखालच्या भुयारी रस्त्यांमधून. तंत्र स्वीडनचं. 1961 साली तिथल्या सोलेफ्टिओच्या इस्पितळात ते पहिल्यांदा बसवलं होतं.

म्हणजे बघा, हवेने कचरा ओढायचा ही युक्ती दोन्हीकडे आहे. डिस्नेने ती जमिनीखाली नेली, पाहुण्याला तिचा पत्ताही लागू नये म्हणून. एफ्टेलिंगने ती ओठांवर आणून ठेवली. डिस्नेचं काम इंजिनिअर म्हणून मला थक्क करतं. पण तिथून घरी आलेलं मूल डब्याबद्दल काहीच सांगत नाही, कारण तो नजरेत भरू नये असाच बनवला आहे. खैसला भेटून आलेलं मूल आठवडाभर घरातल्या डस्टबिनपाशी ‘पापीर हीर’ ओरडतं आणि कागद वेगळा काढून ठेवतं. आमच्या स्वयंपाकघरात कागदाची वेगळी टोपली त्यामुळेच आली.

डिस्नेकडेही बोलका डबा होता, ‘पुश’ नावाचा. मॅजिक किंगडमच्या टुमॉरोलँडमध्ये, म्हणजे भविष्याच्या विभागात, 1995 पासून 2014 च्या फेब्रुवारीपर्यंत तो लोकांमध्ये फिरत असे, गप्पा मारत असे, चेष्टा करत असे. तो थांबला तेव्हा लोकांनी हळहळून लिहिलं. पण पुशच्या मागे गर्दीत लपलेला माणूस असे, रिमोट आणि माइक घेऊन. तो खरं तर नट होता, डबा फक्त वेष. खैसला माणूस लागत नाही. तो दिवसभर तेच दोन-चार शब्द म्हणतो आणि प्रत्येक मुलाला ते नवेच वाटतात.

2009 मध्ये स्टॉकहोमच्या एका बागेत फोक्सवॅगनच्या उपक्रमातून एक डबा ठेवला होता. कचरा टाकला की तो खोल दरीत पडत चालल्यासारखा आवाज येई, आणि शेवटी धप्प. एका दिवसात त्यात 72 किलो कचरा जमला, जवळच्या साध्या डब्यापेक्षा 41 किलो जास्त. जगभर त्याचे व्हिडिओ फिरले. नेदरलँड्सच्या ब्राबंट प्रांतातल्या एका खेड्यातल्या खैसला हे पन्नास वर्षं आधीपासून ठाऊक होतं.

आता आपल्याकडचं. पेंग्विन आठवतोय ना? फायबरचा, चोच वासलेला, पोटावर ‘यूज मी’. कुठे ससा, कुठे जोकर. महाराष्ट्रातल्या कुठल्याही बागेत जा, तो भेटणारच. मी लहान असताना आमच्या बागेतल्या पेंग्विनची खालची चोच तुटलेली होती आणि तोंडातून शहाळ्याची करवंटी बाहेर डोकावत असायची, तरी आम्ही भेळेचा कागद त्यालाच द्यायला पळायचो. मुलांना चेहरा लागतो हे ज्याने हा साचा पहिल्यांदा केला त्याला पक्कं कळलं होतं, आणि त्याचं कौतुक कोणी केलेलं मी वाचलेलं नाही. कमी पडतं ते पुढचं. तोंड एवढं मोठं की आत काय आहे ते सगळं दिसतं. ओला-सुका एकत्र. आणि घास घेतल्यावर पेंग्विन काहीच म्हणत नाही. पंखा, मोटर, वीज हे सगळं प्रत्येक बागेत जमणार नाही, मान्य. पण तोंडाला आतल्या बाजूने एक झुलती झडप, कागद पडला की वाजणारी साधी घंटी, आणि शेजारी ओल्या कचऱ्यासाठी दुसरा प्राणी, एवढं आपल्याकडचे कारागीर सहज करतील. नगरपालिकेच्या उद्यान विभागात कोणी ओळखीचं असेल तर हे जरूर पोचवा.

खैसची मर्यादाही सांगते. तो फक्त कागद खातो. फ्रीटवरचं उरलेलं मेयोनीज, केळ्याची सालं, ज्यूसची बाटली यांच्यासाठी पार्कातले साधे डबेच लागतात, आणि खरा बोजा तेच उचलतात. बाटल्यांचं तर आणखी वेगळं: 2021 च्या जुलैपासून छोट्या प्लास्टिक बाटलीवर 15 सेंट अनामत असते, 2023 च्या एप्रिलपासून कॅनवरही, तेव्हा त्या टाकू नका, परत करा. काही मुलं खैसला द्यायला मिळावं म्हणून कोरे टिश्यू ओढून काढतात, तेही आवरायला लागतं. आमच्याकडे नियम आहे: वापरलेलाच कागद द्यायचा.

पाचपैकी साडेचार तारे. अर्धा कापला तो ओल्या कचऱ्यासाठी खैसला भाऊ नाही म्हणून.

जाणाऱ्यांसाठी: परीकथांच्या जंगलाकडे सकाळीच वळा, दुपारी खैससमोर मुलांची रांग लागते. कडेवरचं मूल असेल तर त्याचा हात धरून कागद तोंडाच्या मधोमध न्या, कडेला धरला तर वारा नीट लागत नाही. आवाजाला घाबरणारं असेल तर आधी चार पावलं लांब उभं राहून दुसऱ्या मुलाचा कागद जाताना दाखवा. आणि आजी-आजोबा बरोबर असतील तर त्यांच्यासाठीही दोन पावत्या राखून ठेवा.