"कॅप्सूल घ्या, सनस्क्रीन विसरा" म्हणणाऱ्यांना एक पैसाही देऊ नका

वनस्पतींचे अर्क आणि व्हिटॅमिनच्या कॅप्सूल, सोबत सीरम, "उन्हापासून आतून संरक्षण", असा कॉम्बो कुणी गळ्यात मारत असेल तर लांब राहा. मी घेतला. दोनवर एक फ्री म्हणून 60 कॅप्सूलच्या 3 बाटल्या आणि 30 मिलीचं सीरम, सगळे पैसे आधी भरून. सगळे पाण्यात गेले.

आणि "जाहिरातीला भुललीस" असं प्लीज कुणी म्हणू नका. त्यांनी दाखवलेला अभ्यास खरा होता हो! 2015 चा, ऑस्ट्रेलियातला, 386 जण, रोज दोनदा 500 मिलिग्रॅम निकोटिनामाइड, म्हणजे व्हिटॅमिन बी3 चा एक प्रकार, आणि वर्षभरात त्वचेचे नवे कॅन्सर 23 टक्क्यांनी कमी. मी स्वतः शोधून वाचलं, आकडे जुळले, मग विश्वास बसणारच ना. पण ते सगळे असे लोक होते ज्यांना आधीच्या 5 वर्षांत निदान दोनदा त्वचेचा कॅन्सर झालेला (मेलानोमा, म्हणजे त्वचेचा सगळ्यात घातक कॅन्सर, तो सोडून), आणि गोळ्या बंद झाल्यावर फायदाही टिकला नाही. हे जाहिरातीत कुठेच नाही.

सगळ्यात जास्त संताप याचा येतो, की पहिलीच कॅप्सूल घेतल्यावर थोड्या वेळात चेहरा, कान, मान लालबुंद झाली, नुसती आग आग, मी घाबरून चॅटवर विचारलं तर उत्तर काय, "मॅडम, रक्ताभिसरण वाढतंय, त्वचा रिपेअर होतेय, चांगलं लक्षण आहे." तिथेच कळायला हवं होतं! निकोटिनामाइडने असं होत नाही, निकोटिनिक अ‍ॅसिडने होतं. दोघांनाही बी3 च म्हणतात, आणि लेबलवर मागे बारीक अक्षरात निकोटिनिक अ‍ॅसिडच छापलेलं. पण समोरचा स्वतःला स्किन एक्स्पर्ट म्हणवून इतक्या खात्रीने बोलतोय म्हटल्यावर तेव्हा कोण बाटली उलटी करून वाचत बसतं? त्याच लेबलवर "नॅचरल मिश्रण 500 मिलिग्रॅम", आणि त्या 500 मध्ये ग्रीन टी, द्राक्षाच्या बिया, डाळिंब, ते पॉलिपोडियम नावाचं नेचं आणि बी3 सगळंच कोंबलेलं. कशाचं किती, पत्ता नाही. नेच्याच्या अभ्यासांत एका वेळेला 240 मिलिग्रॅम वापरलंय. प्रत्येक घटकाचं वजन वेगळं लिहिलेलं नसेल तर बाटली ठेवून द्या, विषय संपला.

सीरमवर 15 टक्के व्हिटॅमिन सी, 1 टक्का ई, 0.5 टक्के फेरुलिक अ‍ॅसिड. फॉर्म्युला खरा आहे, 2005 पासून माहीत असलेला. पण मला आलं ते पारदर्शक बाटलीत, चहाच्या रंगाचं. व्हिटॅमिन सी हवेने, उजेडाने खराब झालं की तपकिरी पडतं. म्हणे अर्काचाच रंग आहे!

त्यांच्या सांगण्यावरून सनस्क्रीन लावणं बंद केलं आणि गालावरचे वांग पार कपाळापर्यंत पसरले, खांद्यांची सालं निघाली ती वेगळीच. अहो, या कॅप्सूलमधले अँटिऑक्सिडंट फ्री रॅडिकल्स (पेशींना इजा करणारे रेणू) निपटतात, किरण अडवत नाहीत, आणि यूव्हीबी, म्हणजे उन्हातले त्वचा भाजणारे अतिनील किरण, ते तर थेट पेशीतल्या डीएनएवर घाव घालतात. "एसपीएफ 30 ची कॅप्सूल" म्हणे! एसपीएफ म्हणजे क्रीम त्वचा भाजण्यापासून किती वाचवतं त्याचं माप, आणि मोजतात तो त्वचेवर दर चौरस सेंटिमीटरला 2 मिलिग्रॅम क्रीम लावून, कॅप्सूलला कुठला एसपीएफ?

तक्रार करायला गेले तर औषध खातं म्हणतं हे औषध नाही, पूरक आहार आहे, अन्न खात्याकडे जा. अन्न खातं म्हणतं भेसळ सिद्ध करा, लॅब रिपोर्ट स्वतःच्या खर्चाने आणा. ग्राहक हेल्पलाइनने नुसता नंबर दिला आणि काही दिवसांनी "तक्रार निकाली" असा मेसेज, निकाली म्हणजे काय ते कुणी सांगेना, बँक म्हणते पेमेंट तुम्हीच केलंय. मग माणसाने जायचं कुठे? अमेरिकेच्या एफडीएने (तिथलं अन्न आणि औषध खातं) 2018 मध्येच जाहीर सांगितलंय की सनस्क्रीनची जागा घेईल अशी कुठलीही गोळी नाही, विकणाऱ्यांना इशारेही दिले. इथे मला साधं लेखी उत्तर मिळत नाही, आणि हे लोक आरामात विकतायत!

तेच विकणारे लोक नंतर बीटा कॅरोटीनचा (गाजरातलं, शरीरात व्हिटॅमिन ए बनणारं द्रव्य) हाय डोस घ्या म्हणून मागे लागले. सिगरेट ओढणाऱ्याला तर तो अजिबात देऊ नका, 1994 च्या फिनलंडच्या अभ्यासात रोज 20 मिलिग्रॅम घेणाऱ्या धूम्रपान करणाऱ्यांमध्ये फुप्फुसाचा कॅन्सर वाढला होता.

जाहिरातीचा आणि चॅटचा स्क्रीनशॉट पैसे भरायच्या आधीच काढून ठेवा. मी तक्रार केली त्याच दिवशी त्यांनी चॅट उडवलं, आणि आता तीच बाटली नवीन नावाने विकायला आलीय.