रक्ताभिसरणाचे चालते प्रारूप : हृदयाला न्याय, वाहिन्यांवर अन्याय

विद्यार्थ्यांसाठी बनवलेल्या या संचात उभ्या फळीवर बसवलेले दोन रबरी गोळे हृदयाचे काम करतात. त्यांना जोडलेल्या लाल आणि निळ्या पारदर्शक नळ्यांमधून बारीक चमकदार कण मिसळलेले पाणी फिरते, आणि गोळे दाबण्याची गती बदलून नाडी जलद किंवा मंद करता येते. हृदयाचा भाग उत्तम जमला आहे, याबद्दल दुमत होणार नाही. झडपा वेळेवर उघडतात व मिटतात, उजवी बाजू फुप्फुसांकडे आणि डावी उरलेल्या शरीराकडे पाणी पाठवते, आणि पुष्कळ आकृत्यांमध्ये चुकणारी गोष्ट, म्हणजे फुप्फुस धमनी निळी आणि फुप्फुस शिरा लाल, येथे बरोबर दाखवली आहे. अडचण हृदयाच्या बाहेर पडल्यावर सुरू होते. निर्मात्याने रक्तवाहिन्यांना केवळ नळजोडणी मानले आहे आणि धमनीपासून शिरेपर्यंत जवळजवळ सगळीकडे एकाच जाडीची, एकाच कडकपणाची प्लास्टिकची नळी वापरली आहे.

याचा परिणाम पहिल्या काही ठोक्यांतच दिसतो. गोळा दाबला की कण पुढे झेपावतात आणि सोडला की जागच्या जागी थांबतात. शरीरात असे होत नाही. हृदय प्रत्येक ठोक्याला सुमारे ७० मिलिलिटर रक्त बाहेर ढकलते, त्या क्षणी महाधमनीची लवचीक भिंत ताणली जाऊन त्यातला बराचसा भाग सामावून घेते आणि हृदय शिथिल झाल्यावर तीच भिंत आकसून ते रक्त पुढे लोटते. म्हणूनच निरोगी माणसाचा रक्तदाब दोन ठोक्यांच्या मध्ये शून्यावर न येता ८० च्या आसपास टिकतो. उतारवयात ही भिंत ताठर झाली की वरचा आकडा चढतो, खालचा बहुधा उतरतो आणि दोहोंमधील अंतर वाढते. संचातली महाधमनीची नळी काढून तिच्या जागी प्रयोगशाळेत वापरतात ती मऊ लॅटेक्सची नळी जोडली, तर हे सारे डोळ्यांनी पाहता येते : दाब दिल्यावर नळी किंचित फुगते आणि गोळा सोडल्यानंतरही कण पुढे सरकत राहतात. मात्र पुढच्या टप्प्यावरची चिमटी थोडी आवळलेली हवी, नाहीतर पाणी अडथळ्याविना निघून जाते आणि नळीला ताणले जाण्याचे कारणच उरत नाही.

ही चिमटी म्हणजे या संचातली सर्वांत मोलाची आणि सर्वांत दुर्लक्षित वस्तू होय. ती धमनिकांच्या, म्हणजे धमन्यांच्या शेवटच्या बारीक फांद्यांच्या, जागी बसवली आहे, आणि सोबतच्या पुस्तिकेत तिच्याविषयी ‘फिरवल्यास प्रवाह कमी होतो’ एवढे एकच वाक्य आहे. धमनिकांच्या भिंतीत स्नायूंचे वेढे असतात, ते आकसले किंवा सैल पडले की वाहिनीचा व्यास बदलतो, आणि प्रवाह त्रिज्येच्या चौथ्या घातावर अवलंबून असल्यामुळे, दाब तोच राहिला आणि त्रिज्या निम्मी झाली, तर त्या वाहिनीतला प्रवाह निम्मा न होता सोळाव्या हिश्शावर येतो. धावताना पायांच्या स्नायूंना जादा रक्त मिळते आणि आतड्यांकडचे कमी होते, ते याच यंत्रणेमुळे. शिवाय या स्नायूंना आदेश केवळ चेतातंतूंकडून येत नाहीत : वाहिनीचे आतले नाजूक अस्तर स्वतःच नायट्रिक ऑक्साइड तयार करून त्यांना सैल व्हायला लावते, आणि या शोधासाठी फर्चगॉट, इग्नारो व मुराद यांना १९९८ चे नोबेल पारितोषिक मिळाले. प्लास्टिकच्या नळीकडून अशा अस्तराची अपेक्षा कोणी करणार नाही, पण पुस्तिकेत एक परिच्छेद तरी हवा होता.

केशवाहिन्यांसाठी अनेक अरुंद खाचा असलेली रुंद चपटी पेटी दिली आहे, आणि ही कल्पना चांगली आहे. पेटीत शिरताच कण ठळकपणे मंदावतात. महाधमनीत रक्ताचा सरासरी वेग सेकंदाला २० सेंटिमीटरच्या आसपास असतो, तर केशवाहिन्यांत तो एक मिलिमीटरहूनही कमी होतो, कारण प्रत्येक वाहिनी तांबड्या पेशीला जेमतेम जाऊ देईल इतकी अरुंद असली तरी सर्वांच्या छेदाचे मिळून क्षेत्रफळ प्रचंड असते. या संथपणामुळेच प्राणवायू आणि पोषक द्रव्यांच्या देवाणघेवाणीला सवड मिळते. पुस्तिकेने मात्र येथे ‘एक लाख किलोमीटर लांबीच्या रक्तवाहिन्या’ हा सर्वत्र फिरणारा आकडा छापला आहे. त्याचे मूळ डॅनिश शरीरक्रियाशास्त्रज्ञ ऑगस्ट क्रोग यांच्या जुन्या अंदाजात आहे, आणि त्यात एका माणसाच्या अंगात ५० किलो स्नायू गृहीत धरले होते. सामान्य माणसाला तो लागू पडत नाही.

निळ्या नळ्यांमुळे शिरांतले रक्त निळे असते असा समज होऊ शकतो. ते गडद लाल असते, हे शिक्षकांनी सांगावे लागेल.

शिरांचा भाग मात्र अनपेक्षितपणे सरस निघाला. पायाकडून वर येणाऱ्या नळीत दोन पडदेवजा झडपा आहेत आणि त्यांच्या मधला तुकडा तेवढा मऊ आहे. तो बोटांनी दाबला की कण वरच सरकतात, कितीही दाबले तरी खाली येत नाहीत. पोटरीचे स्नायू चालताना नेमके हेच करतात. इंग्लिश वैद्य विल्यम हार्वे यांनी १६२८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात दंड बांधून, फुगलेल्या शिरेवरून बोट फिरवून हीच एकमार्गी वाट दाखवली होती. तरीही विश्रांतीच्या अवस्थेत शरीरातले निम्म्याहून अधिक रक्त शिरांमध्ये असते, ही बाब कडक निळ्या नळ्यांतून कळणे शक्य नाही, कारण त्यासाठी शिरांची भिंत पातळ आणि सहज पसरणारी असावी लागते.

जोडांपैकी चिमटीजवळचा जोड जोराने गोळा दाबल्यास पाझरतो, त्याला तारेचा वेढा द्यावा. वापरानंतर पाणी पूर्ण काढून टाकले नाही, तर पेटीतल्या खाचांमध्ये कण बसतात आणि ते काढणे जिकिरीचे होते. हृदयाचे कार्य शिकवण्यासाठी संच आहे तसा घेण्यास हरकत नाही, परंतु रक्तवाहिन्या शिकवायच्या असतील, तर लॅटेक्सची नळी आणि आणखी दोन चिमट्या वेगळ्या घ्याव्यात, म्हणजे एक फाटा आवळून दुसऱ्यात प्रवाह कसा वाढतो तेही दाखवता येईल.