दगडी फायरप्लेसमधला बंद इन्सर्ट, एका हिवाळ्यानंतर: दाराच्या दोरीवरून झालेला वाद आणि बाकी सगळं

बैठकीच्या खोलीतल्या जुन्या दगडी फायरप्लेसमध्ये बंद इन्सर्ट, म्हणजे आगीच्या पोकळीत बसणारी दाराची लोखंडी शेगडी, बसवून अख्खा हिवाळा वापरून झाला. लिहायचं राहून जात होतं, पण सर्व्हिसवाल्यांशी जी वादावादी झाली तिच्यानंतर लिहिल्याशिवाय चैन पडेना. लाकडावर चालणारा, ओतीव लोखंडाचं दार, समोर मोठी काच, हवेसाठी खाली एक आणि वर एक अशा दोन झडपा, हा प्रकार इथे सगळ्यांना माहीत आहे. त्यामुळे मॉडेलचं वर्णन करत बसत नाही.

तक्रार दाराच्या दोरीची आहे. दाराच्या आतल्या खोबणीत काचतंतूंची एक गोल दोरी बसवलेली असते. दार लावलं की ती दबते आणि फट बुजते. एवढंच तिचं काम, पण इन्सर्टचं सगळं गणित तिच्यावर अवलंबून आहे. बंद इन्सर्टचा फायदा असा की आगीला किती हवा मिळावी हे आपण ठरवतो. वरच्या झडपेतून येणारी हवा तापून काचेच्या आतल्या अंगाने खाली उतरते, त्यामुळे धूर काचेला चिकटत नाही आणि लाकडातून निघणारा वायूही जळून जातो. दोरी कुठे एका जागी जरी चपटली, तरी तिथून नको असलेली हवा आत शिरते आणि हा प्रवाह मोडतो. मग झडप पूर्ण बंद केली तरी आग मंदावत नाही, लाकूड भराभरा संपतं आणि काच काळी होते.

आमच्याकडे नेमकं हेच झालं. काचेचा उजवा खालचा कोपरा काळा पडायला लागला. बाकीची काच स्वच्छ, तो कोपरा मात्र रोज काळा. ओल्या कागदाला थोडी राख लावून पुसलं की काच स्वच्छ होते (राख अल्कधर्मी असते, काजळी सुटते, वेगळं द्रावण विकत घ्यायची गरज नाही), पण दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच.

सर्व्हिसचा माणूस आला आणि दार न उघडताच म्हणाला, "लाकूड ओलं आहे." ओल्या लाकडाने काच काळी होते हे खरं, पण तेव्हा ती सगळीकडून काळवंडते, एकाच कोपऱ्यात नाही. शिवाय माझं लाकूड फोडून, छपराखाली रचून, नीट वाळवलेलं आहे. ओंडका त्याच्यासमोर फोडला आणि फोडलेल्या आतल्या बाजूला ओलावामापक टोचून दाखवला. आकडा २० टक्क्यांच्या खाली होता, आणि एवढंच कोरडं लाकूड वापरा असं कंपनीचंच पुस्तक सांगतं. बाहेरच्या सालीवर मोजू नका, तिथे आकडा नेहमी कमी दाखवतो. मग इन्सर्ट थंड असताना दारात कागदाची पट्टी अडकवून दार लावलं आणि पट्टी ओढली. तीन बाजूंना ती घट्ट अडकली, उजव्या कोपऱ्यात अलगद निघून आली. तेव्हा कुठे त्याने मान्य केलं.

मग वॉरंटीचा विषय निघाला. लोखंडी सांगाड्याची वॉरंटी काही वर्षांची आहे. दोरी, आतल्या विटा-पाट्या आणि काच मात्र 'झिजणारे भाग', म्हणून त्यातून वगळलेले. तेही मी मान्य केलं. दोरी झिजणारच. पण मी विचारलं, दोरी किती मिलिमीटरची आहे ते सांगा, मी आणून बसवतो. तर म्हणे ते सांगता येणार नाही, आमचा माणूस येऊनच बदलेल, आणि त्याच्या फेरीचे पैसे दोरीच्या किमतीच्या कितीतरी पट. इथे माझं डोकं फिरलं. हातभर लांबीच्या चार तुकड्यांएवढी दोरी, तिच्यासाठी दरवेळी माणूस बोलवायचा? पुस्तकात झडपांची चित्रं पानभर आहेत, पण दोरीची जाडी एका ओळीत छापलेली नाही.

शेवटी मीच बदलली. कुणाला करायची असेल तर नीट वाचा. दोरीची जाडी दबलेल्या भागावर मोजू नका, बिजागरीजवळ जिथे ती कमी दबलेली असते तिथे मोजा, आणि खोबणीची रुंदीही मोजा. फार जाड दोरी घेतली तर दार नीट लागत नाही आणि काचेवर ताण येतो, बारीक घेतली तर फट तशीच राहते. जुनी दोरी काढल्यावर खोबणीतला जुना चिकटवा पूर्ण खरवडून काढा. नवी दोरी आधी कोरडीच बसवून बघा. कापायच्या जागी चिकटपट्टी गुंडाळून मगच कापा, नाहीतर टोकं उसवतात. उष्णता सहन करणारा सिलिकेटचा चिकटवा खोबणीत घाला आणि दोरी न ताणता दाबत जा. ताणली की ती बारीक होते आणि सगळी मेहनत वाया जाते. जोड कोपऱ्यात आणू नका. दार लावून चिकटवा पूर्ण वाळू द्या, नंतर पहिली आग लहान करा. एक इशारा मात्र गंभीरपणे देतो: फार जुन्या शेगडीतल्या दोरीत किंवा पाटीत अ‍ॅस्बेस्टॉस असू शकतं. तसा संशय असेल तर खरवडू नका, जाणकाराला बोलवा.

दोरी बदलल्यावर कोपरा स्वच्छ राहिला, आणि झडप अर्धी केली की आग लगेच शांत होते. लाकूडही कमी लागतं.

आता बाकीचं. उघड्या फायरप्लेसमधली बहुतेक उष्णता धुराड्यातून वर निघून जाते आणि जाताना खोलीतली गरम हवाही ओढून नेते. हे दुखणं जुनंच आहे. काउंट रम्फर्ड या शास्त्रज्ञाने १७९६ मध्ये यावर लेख लिहून आगीची पोकळी उथळ करा, बाजूच्या भिंती तिरप्या करा, आगीच्या वरचा धुराड्याचा घसा अरुंद करा असं सुचवलं होतं. बंद इन्सर्ट ही त्याच्या पुढची पायरी आहे. पूर्वी आगीसमोर पाय भाजायचे आणि पाठ गारठायची. आता खोलीच्या पलीकडच्या टोकालाही बसवतं. या बाबतीत मला अपेक्षेपेक्षा जास्त मिळालं, हे मोकळ्या मनाने सांगतो.

दगडाबद्दलचं मत मात्र मधेच बदललं. आग विझल्यावरही दगड बराच वेळ कोमट राहायचा, तेव्हा वाटलं, वा, दगड उष्णता साठवून ठेवतोय. पुढे थंडी वाढली तेव्हा लक्षात आलं की ही भिंत बाहेरची आहे, आणि दगडात गेलेली उष्णता खोलीत कमी, बाहेर जास्त जाते. मग इन्सर्टच्या मागे उष्णता अडवणाऱ्या कॅल्शियम सिलिकेटच्या पाट्या लावल्या आणि वर धुराड्याचं तोंड, आत टाकलेल्या धुराच्या नळीभोवती, पोलादी पत्र्याने बंद करून घेतलं. दगड आता पूर्वीइतका तापत नाही, खोली मात्र जास्त तापते. हा पत्रा बसवणाऱ्यांनी सुरुवातीलाच द्यायला हवा होता. तो नसेल तर गरम हवा नळीच्या बाहेरून धुराड्यात चढत राहते.

दगडावर पांढरा रंग मारून टाका, खोली उजळेल, असं अनेकांनी सुचवलं. मी साफ नकार दिला. प्लास्टिक रंगाने दगडाची छिद्रं बुजतात, आत ओल अडकते, आणि एकदा मारलेला रंग खडबडीत दगडावरून कधीच पूर्ण निघत नाही. फारच उजळ हवं असेल तर चुन्याची पातळ सफेदी करा, ती श्वास घेते. आम्ही फक्त साफ केला. आधी कोरड्या रबरी स्पंजने काजळी टिपली, कारण आधी पाणी लावलं की काजळी दगडात मुरते. त्यानंतर साधं साबणपाणी. चुनखडीच्या दगडावर आम्ल चुकूनही लावू नका, दगडच विरघळतो. आगीपासून लांबच्या सुटलेल्या दरजा चुन्याच्या मसाल्याने भरल्या. सिमेंट मऊ दगडापेक्षा कडक असतं, त्याने दगडाच्या कडा फुटतात. गवंड्याला हे पटवायला वेळ लागला, पण काम त्याने सुरेख केलं. दगडाचा मूळ करडा-पिवळसर रंग वर आला, तो मला रोज नव्याने आवडतो.

धुराड्यात स्टेनलेस स्टीलची नळी टाकण्याचा खर्च टाळू नका. मी काटकसरी माणूस, पण इथे हात आखडता घेतला नाही. जुनं धुराडं उघड्या आगीसाठी रुंद बांधलेलं असतं. त्यात इन्सर्टचा कमी धूर थंड होतो आणि डांबरासारखा चिकट थर आत बसतो. तो पेटला तर धुराड्याला आग लागते. वर्षातून एकदा धुराडं साफ करणं आणि खोलीत कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म लावणं, या दोन्हींना पर्याय नाही. स्वयंपाकघरातला धूर ओढणारा पंखा चालू असताना इन्सर्टचं दार उघडलं तर धूर खोलीत येतो, तेव्हा आधी खिडकी किलकिली करा.

आधी मी पाचपैकी तीनच तारे देणार होतो, दोरीच्या रागाने. चार देतो. एक कापला तो फक्त त्या न छापलेल्या जाडीसाठी. कंपनीने पुढच्या छपाईत ती ओळ घालावी आणि खोक्यात दोरीचा एक जादा तुकडा द्यावा, मी पाचवा लगेच देईन. तोवर घेणाऱ्यांनी पैसे देण्याआधी दोरीची जाडी लेखी मागून घ्या.

सध्या आगीच्या वरच्या वर्मिक्युलाइटच्या (उष्णता सहन करणाऱ्या खनिजाच्या) पाटीला मधोमध बारीक चीर दिसते आहे. तीही झिजणाऱ्या भागांच्या यादीत आहे, म्हणून तिची लांबी, रुंदी आणि जाडी मी आत्ताच मोजून पुस्तकाच्या पहिल्या पानावर लिहून ठेवली आहे.