रोजची कॉफी वेगळी, कौतुकाची कॉफी वेगळी

तयार पावडरीचे डबे आणणं मी काही महिन्यांपूर्वी बंद केलं. अख्खे बीन्स आणायचे, त्या वेळी लागतील तेवढेच दळायचे आणि फ्रेंच प्रेसमध्ये, म्हणजे दांड्याने जाळी खाली दाबून गाळायच्या भांड्यात, नाहीतर कागदी फिल्टरच्या ड्रिपरमधून कॉफी काढायची, हे आता अंगवळणी पडलंय. या काळात बऱ्याच देशांच्या पिशव्या घरात आल्या. काही कधी संपल्या ते कळलंच नाही, काही अक्षरशः संपवाव्या लागल्या. गंमत म्हणजे संपवाव्या लागलेल्यांत महागड्या आणि नावाजलेल्या पिशव्याच जास्त निघाल्या.

इथियोपियाचंच घ्या. तिथली नॅचरल पद्धतीची कॉफी, म्हणजे अख्खं फळ उन्हात वाळवून मग आतली बी काढलेली, पिशवी उघडल्या उघडल्या पिकलेल्या बेरींचा असा घमघमाट सोडते की ही कॉफीच आहे ना, अशी शंका यावी. सुरुवातीचे कप मी जेवढे प्यायले त्याहून जास्त हुंगले. पुढे मात्र सकाळी डोळे धड उघडले नसताना तो आंबूस फळांचा वास नकोसा व्हायला लागला. तिथल्याच यिर्गाचेफे भागातली वॉश्ड, म्हणजे गर धुऊन काढलेली कॉफी त्या मानाने सोज्वळ आहे. जाईच्या फुलांची आठवण करून देणारा वास, लिंबाची हलकी झाक, अंगाने चहाइतकी पातळ. पण नखरे फार. पाणी जरा निवलेलं असलं किंवा दळण जाडसर झालं की ती झाक सरळ आंबटढाण होते, आणि दूध घातलं तर विषयच संपला. सुट्टीच्या दिवशी, वजनकाटा समोर ठेवून निगुतीने करायची ही कॉफी. रोज सकाळी तिची मनधरणी कोण करणार?

माझ्या घरी रोजच्या कपाची जागा पटकावली ती ब्राझीलने. जगातली साधारण एक तृतीयांश कॉफी एकटा ब्राझील पिकवतो, त्यामुळे कॉफीच्या शौकिनांत तिला थोडं नाक मुरडलं जातं. ते मला पटत नाही. सेराडो किंवा सुल दे मिनास भागातली, मध्यम भाजलेली कॉफी घ्या. आंबटपणा कमी, अंग भरीव, चॉकलेट आणि भाजलेल्या शेंगदाण्यांच्या जवळ जाणारी चव. सगळ्यात मोठा गुण म्हणजे ती सांभाळून घेते. पाणी चमचाभर जास्त पडलं, प्रेस दोन मिनिटं जास्त राहिली, तरी कप पिण्यासारखाच होतो. काळी चांगली लागते, दुधातही हरवत नाही.

दुसरा नंबर कोलंबियाचा. उईला भागातली वॉश्ड कॉफी थोडी जास्त टवटवीत असते, गोडसर आणि किंचित फळांकडे झुकणारी. ब्राझीलचा कंटाळा आला की मी हिच्याकडे वळते आणि परत जाते. सुमात्राची कॉफी मात्र मला झेपली नाही. तिथे बी पुरती वाळायच्या आधीच तिचं टरफल काढतात, त्यातून ती ओल्या मातीची, लाकडाची चव येते. आवडणारे तिच्यावर जीव टाकतात हे खरं. मान्सून्ड मलबारचं जरा वेगळं. पावसाळी वारं खेळणाऱ्या गोदामात मुद्दाम पसरून ठेवल्याने बी फुगते, फिकट पिवळसर पडते आणि आंबटपणा जवळजवळ निघून जातो. ज्यांच्या पोटाला आंबट कॉफी सोसत नाही त्यांनी ही जरूर बघावी. दुधाबरोबर तर ती झकासच. केनियाच्या पिशवीवर ‘एए’ दिसलं की लोक भारावतात, पण ती अक्षरं दाण्याचा आकार सांगतात, चव नाही.

हे सगळं देशांबद्दल झालं. पण इतक्या पिशव्यांनंतर माझं ठाम मत असं झालंय की देशापेक्षा भाजल्याची तारीख महत्त्वाची. जुनी झालेली उत्तम कॉफी ताज्या साध्या कॉफीपुढे उभी राहत नाही.

याची खूण कपातच दिसते. ताजी भाजलेली कॉफी दळून तिच्यावर थोडंसं गरम पाणी सोडा आणि अर्धा मिनिट थांबा. वरचा थर हळूहळू फुगतो, घुमटासारखा वर येतो, त्यावर बारीक बुडबुडे फुटायला लागतात आणि प्रत्येक बुडबुड्याबरोबर वासाचा एक झोत नाकाशी येतो. भाजताना बीमध्ये कोंडलेला कार्बन डायऑक्साइड बाहेर पडत असतो. जुन्या कॉफीवर तेच पाणी ओता, ती नुसती भिजते आणि चिखलासारखी बसते. चव बघायचीही गरज उरत नाही. पिशवीवर जी छोटी गोल झडप असते तीही याच वायूसाठी. तो बाहेर जावा आणि हवा आत येऊ नये. भाजल्याच्या दुसऱ्याच दिवशी मात्र कॉफी करू नये. वायू इतका असतो की पाणी धड मुरत नाही. मी आठवडाभर थांबते आणि पुढच्या महिन्याभरात पिशवी संपवते. म्हणून अडीचशे ग्रॅमच्या वर पिशवी घेत नाही, किलोवर कितीही सूट असली तरी.

मग चांगले बीन्स मिळतात कुठे? सरळ उत्तर: जो स्वतः भाजतो त्याच्याकडे. गावात असा कोणी असेल तर उत्तमच, नसेल तर त्यांची ऑनलाइन दुकानं असतात. ऑर्डर आल्यावर किंवा आठवड्यातून ठरलेल्या दिवशी भाजून पाठवणारा निवडायचा. पिशवीवर देश, भाग, प्रक्रिया आणि भाजल्याची तारीख हवी. हंगामाचं वर्ष लिहिलं असेल तर माणूस जाणकार आहे असं समजावं. ब्राझीलची तोडणी साधारण मे ते सप्टेंबर चालते, इथियोपियाची ऑक्टोबर ते जानेवारी. पुढे वाळवणं, जहाज वगैरे धरून माल पोचायला काही महिने जातात. त्यामुळे या वेळी नवा माल कुठला आलाय, एवढा एक प्रश्न विचारला तरी विकणाऱ्याचा अंदाज येतो.

मोठ्या दुकानातल्या फळीवर मी अजिबात जात नाही असं नाही. पण तिथे बहुतेक पिशव्यांवर ‘अमुक तारखेपर्यंत उत्तम’ एवढंच असतं, आणि ती तारीख वर्षभर पुढची. भाजली कधी ते गुलदस्त्यातच. ‘शंभर टक्के अरेबिका’ या शिक्क्यावरही जाऊ नका. अरेबिका ही कॉफीची एक जात, जगातली अर्ध्याहून जास्त कॉफी त्याच जातीची असते, त्यात भिकारही आली. उलट थोडा चांगला रोबस्टा, म्हणजे कॉफीची दुसरी जात, मिसळलेला ब्लेंड दुधाच्या कॉफीला दणकट आधार देतो, फक्त रोबस्टात कॅफिन अरेबिकाच्या जवळपास दुप्पट असतं हे लक्षात ठेवायचं. पिशवीवर चिकोरी, म्हणजे कॉफीत मिसळतात ती भाजलेल्या मुळांची पूड, लिहिली आहे का तेही बघावं. चव गडद होते, पण ती कॉफी नव्हे, आणि तिचे पैसे कॉफीच्या भावाने का मोजायचे?

महिन्याला घरपोच बीन्स पाठवणाऱ्या एका सेवेची वर्गणीही घेऊन पाहिली. पहिली पिशवी ताजी आली. नंतर भाजल्याच्या तारखेच्या जागी पॅकिंगची तारीख छापलेली यायला लागली, आणि पाणी ओतल्यावर थर फुगेचना. विचारलं तर उत्तर गोलमाल. वर्गणी बंद केली.

भाजणीबद्दल थोडक्यात. तापमान दोनशे अंशांच्या आसपास गेलं की बी तडतडते, त्याला पहिला क्रॅक म्हणतात. त्यानंतर थोड्या वेळात उतरवलेली मध्यम भाजणीची कॉफी रोजच्यासाठी योग्य. पार काळी, तेलाने चकाकणारी बी दिसायला देखणी असते, पण सगळ्या देशांची कॉफी एकसारखीच कडू लागते. शिवाय ते तेल ग्राइंडरला चिकटून खवट होतं आणि पुढच्या चांगल्या पिशवीची वाट लावतं.

ग्राइंडरचा विषय निघालाच आहे तर, पैसे आधी तिथे घाला. फिरत्या पात्याचा ग्राइंडर बी तोडतो. काही भाग पीठ होतो, काही तुकडेच राहतात, मग एकाच कपात कडू आणि आंबट दोन्ही. बर ग्राइंडर, म्हणजे जात्यासारखा दोन दातेरी चकत्यांमध्ये बी भरडणारा, एकसारखं दळतो. हाताने फिरवायचा साधासुद्धा चालतो, फक्त चार कप करायचे असले की दंड भरून येतात. बाकी प्रमाण लिटरला साठ ग्रॅम, म्हणजे अडीचशे मिलिलिटरच्या मगाला पंधरा ग्रॅम. पाणी उकळून मिनिटभर थांबवलेलं. पाणी फार जड, म्हणजे क्षारांचं, असेल तर कॉफी मिळमिळीत होते. फिल्टरचं पाणी वापरून बघा, फरक जाणवतो.

साठवणीला हवाबंद डबा, अंधारी फळी. फ्रिजमध्ये नको. फ्रीझर मात्र चालतो, पण छोट्या हवाबंद पुड्या करून आणि पुडी थंड असताना न उघडता, नाहीतर बियांवर दव धरतं.

तक्रारी? आहेत की. विजेच्या ग्राइंडरचा आवाज सकाळी सगळं घर उठवतो. फ्रेंच प्रेसचा गाळ बेसिन तुंबवतो. प्रेसच्या जाळीतून कॉफीच्या तेलातला कॅफेस्टॉल नावाचा घटक कपात येतो आणि तो एलडीएल, म्हणजे वाईट, कोलेस्टेरॉल वाढवतो. कागदी फिल्टर तो बराचसा अडवतो. म्हणून रोजच्याला ड्रिपर आणि अधूनमधून प्रेस असं मी केलंय. संध्याकाळसाठी डीकॅफही आणून पाहिली. फक्त पाणी आणि कोळसा वापरून कॅफिन काढलेली स्विस वॉटर पद्धतीची कॉफी चवीला बरी निघाली. डीकॅफ बी मुळातच काळपट दिसते, त्यामुळे रंगावरून भाजणी ओळखता येत नाही आणि ती शिळीही लवकर होते. घ्यायचीच तर अगदी लहान पिशवी घ्या.

आणि तुम्ही कॉफीत अर्धा कप दूध आणि दोन चमचे साखर घालणार असाल, तर एवढा खटाटोप करू नका. ताजा भाजलेला एखादा ब्राझील-रोबस्टा ब्लेंड आणा, दुकानातच दळून घ्या आणि पंधरा दिवसांत संपवा.