लॉक-इन की नुसती नोटीस?

पुण्या-मुंबईतले बहुतेक भाडेकरार ‘लिव्ह अँड लायसन्स’चे, ११ महिन्यांचे. घर मध्येच सोडायचं झालं की सगळं एका अटीवर येतं.

फक्त महिन्याच्या नोटिशीची अट असेल तर सोपं: लेखी कळवा, महिन्याचं भाडं भरा, चावी द्या, डिपॉझिट घ्या. पण तीच मोकळीक बहुधा मालकालाही असते. ऐन परीक्षेत त्याची नोटीस आली, तर बसा घरं शोधत.

लॉक-इनमध्ये, म्हणजे ठरलेले महिने करार मोडायचा नाही अशी अट असेल तर, ही धास्ती कमी. मात्र तुम्हीच आधी निघालात, तर मालक उरलेल्या महिन्यांचं भाडं डिपॉझिटमधून कापू पाहतो. इथे भारतीय करार कायद्याचं कलम ७४ कामी येतं. करारात लिहिलेली रक्कम ही कमाल मर्यादा. कोर्ट देतं ती वाजवी भरपाई. पंधरवड्यात नवा भाडेकरू आला, तर उरलेल्या सगळ्या महिन्यांचं भाडं कशाचं? अर्थात पैसे मालकाच्या खात्यात, आणि कोर्टाची पायरी चढतो कोण! लॉक-इन फक्त भाडेकरूला बांधत असेल, तर मी सही करणार नाही.

करार नोंदवलेला नसेल, तर महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ चं कलम ५५ पाहा: नोंदणीची जबाबदारी मालकाची, आणि अटींच्या वादात उलट सिद्ध होईपर्यंत भाडेकरूचं म्हणणं धरलं जातं.